ग्रेट ब्लास्केट

आयर्लंडच्या केरी परगण्यातील, डनक्विनच्या किनाऱ्यापासून सुमारे २ किमी. अंतरावरचे, आता वस्ती उठलेले बेट. आयरिश नाव ‘अन ब्लास्कड मोर’. टाउनलँड हा तेथील जमीन-विभागणीचा सर्वांत लहान घटक, साधारण आपल्याकडील मौज्यासारखा. हे सबंध बेट मिळून एकच टाउनलँड. १९१६ च्या सुमारास वस्ती १७६ पर्यंत गेली होती, असे सांगतात.

दैनंदिन जीवन : घरे वाऱ्याच्या भयाने उतारात निम्मी रुतवलेली असत. जुन्या गवती छपरांत कोंबड्या अंडी घालीत. बटाटे व ओट ही पिके, खताला समुद्रशेवाळ. सरपणासाठी झाडेच नव्हती. डोंगरावरची पीट माती कापून, वाळवून गाढवांवरून खाली आणीत. ‘नेव्होग’ ही लाकडी पट्ट्यांवर डांबर लावलेले कापड ताणून केलेली हलकी होडी. बांगडा आणि शेवंड यांची मासेमारी तिच्यावरच चाले, आणि शवपेटीही तिच्यातूनच किनाऱ्याला जाई. बायकांच्या कष्टांची नोंद त्या मानाने तुटपुंजी आहे.

धर्म : बेटावर चर्च नव्हते.

व्यक्ती : पाड्रिग ओ काहान (मृ. १९२९) याला सारे ‘राजा’ म्हणत. तो टपाल आणी. बाहेरचे अभ्यासक त्याच्याच घरी उतरत. १९०७ मध्ये नॉर्वेचा भाषापंडित कार्ल मार्स्ट्रँडर आला, १९१० पासून ब्रिटिश म्युझियमचा रॉबिन फ्लॉवर. फ्लॉवरला बेटकरांनी ‘ब्लाहीन’, म्हणजे इवलेसे फूल, असे लाडके नाव दिले. दोघांचाही आयरिशचा गुरू एकच : तोमास ओ क्रिहन (सु. १८५६–१९३७). हा कोळी चाळिशीच्या आसपास स्वतःची भाषा वाचायला शिकला. समुद्राने व आजारांनी त्याची बरीच मुले नेली. किलार्नीच्या ब्रायन ओ केलीने त्याला रशियन लेखक गॉर्की वाचून दाखवला आणि रोजनिशी लिहायला लावली. त्यानंतरचे त्याचे आत्मचरित्र ‘अन टिलानाख’ (१९२९) हा आयरिश गद्याचा मानबिंदू होय. त्यात शोक दोन ओळींत आटोपतो आणि सीलची शिकार पानभर चालते. बोलीचा खरा कस तिथेच लागतो. मुइरिश ओ सूलिवानचे तारुण्याच्या आठवणींचे पुस्तक १९३३ मध्ये आले. पेग सेयर्स (१८७३–१९५८) ही लग्न होऊन बेटावर आलेली कथेकरीण. तिने आपली कहाणी मुलाला सांगून लिहवली (१९३६).

ऱ्हास : तरुण अमेरिकेला, विशेषतः मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डला जात राहिले. १९४१ मध्ये शाळा बंद पडली. १९४७ मध्ये वादळात अडकलेल्या बेटकरांनी अन्नासाठी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली. बेट सोडून किनाऱ्यावर जाण्याचे स्थलांतर लोकांनीच मागितले की सरकारी उदासीनतेने लादले, याविषयी मतभेद आहेत. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी ते सुरू झाले. तेव्हा बेटावर २२ माणसे होती. बहुतेकांना डनक्विनच्या बाजूला घरे मिळाली, जिथून बेट समोर दिसते.