विराम



गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने सासूबाईंच्या औषधाची चिठ्ठी लिहून ठेवली, "गोळी सकाळी संध्याकाळी नको." मी समजले, दोन्ही वेळा नको. दुपारी सासूबाईंना चक्कर आली. मग कळले की मुलाच्या मनात होते, "गोळी सकाळी, संध्याकाळी नको." मधले एक चिन्ह तेवढे गळले होते. सासूबाई सुखरूप आहेत, पण तेव्हापासून 'विराम' या शब्दाने माझे मन वेधून घेतले.

हा शब्द संस्कृत 'रम्' धातूपासून आला. 'वि' हा उपसर्ग लागला की अर्थ होतो थांबणे. आपले 'रमणे' आणि 'रमणीय' हेही त्याच धातूचे. म्हणजे थांबणे व रमणे ही एकाच घरची भावंडे! 'विश्राम' आणि 'विसावा' यांचे मूळ मात्र 'श्रम' या धातूत आहे. संस्कृत व्याकरणात स्वरावाचून उरलेल्या अक्षराचा पाय मोडतात, त्या चिन्हालाही विरामच म्हणतात.

आपल्या वस्तीचे नाव जरीपटका, म्हणजे मराठेशाहीचे जरीचे निशाण. त्या निशाणाखाली कारभार चाले तो मोडी लिपीत. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची, मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडत जायचे. दोन शब्दांत अंतर नाही, वाक्याअखेर खूण नाही. कोठे थांबायचे ते वाचणाऱ्याने जाणायचे. बाळबोध पोथ्यांत ओवीअखेर उभे दंड असत, बाकी थोडेच.

छापखाने आले, शाळा वाढल्या, आणि अनोळखी वाचकालाही अर्थ लागावा अशी गरज पडली. तेव्हा मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक काढले. मोल्सवर्थ यांच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही त्यांचा हात होता. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही इंग्रजी वळणाची चिन्हे मराठीत रुळली, ती अशी. चिन्हे परकी, पण नावे आपल्याच 'विरामा'ची.

आज मुले मोबाइलवर पुन्हा मोडीसारखीच सलग लिहितात. त्यांना हसून रागावू नये, चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावावी. श्वास कोठे घ्यावा लागतो ते आपोआप कळते. आपणही मंडळाच्या इतिवृत्तात आणि भिशीच्या वहीत ही चिन्हे जपू या. एका टिंबाने घरातले माणूस सांभाळले जाते, हे मी अनुभवले आहे.