टेप, फ्लॉपी आणि स्वर: घरगुती संगणकांतील माहितीच्या वाहतुकीचा इतिहास

घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीत, म्हणजे साधारण १९७७ ते १९९० या काळात, माहितीची ने-आण बहुतेक यंत्रांत प्रोसेसरलाच करावी लागे. टेपवरचा प्रोग्राम वाचायचा, फ्लॉपीवरचे बाइट उचलायचे, स्पीकरमधून सूर काढायचा. या प्रत्येक कामासाठी वेगळी चिप बसवली की किंमत वाढे. ती वाचवण्यासाठी रचनाकारांनी ही कामे सॉफ्टवेअरच्या गळ्यात घातली. परिणामी एक काम चालू असताना दुसरे थांबे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हे ओझे प्रोसेसरच्या डोक्यावरून टप्प्याटप्प्याने उतरत गेले.

कॅसेटची निवड

फिलिप्सची कॅसेट १९६३ सालची. ती बोलणे आणि गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी निघाली होती. संगणकातले शून्य आणि एक तिच्यावर ठेवायचे तर त्यांना आवाजाचे रूप देणे भाग होते. याची एकच रीत ठरावी म्हणून ‘बाइट’ या अमेरिकी मासिकाने नोव्हेंबर १९७५ मध्ये कॅन्सस सिटी येथे बैठक बोलावली. तिथल्या चर्चेतून निघालेल्या पद्धतीत शून्यासाठी १२०० हर्ट्‌झची चार आवर्तने आणि एकासाठी २४०० हर्ट्‌झची आठ आवर्तने ठरली. दोन्हींना लागणारा वेळ सारखाच, वेग सेकंदाला ३०० बिट. पुढे कंपन्यांनी आपापल्या रीती काढल्या, पण मूळ कल्पना तीच राहिली. माहिती हा ऐकू येणारा आवाजच असल्याने ती रेडिओवरूनही पाठवता येई. नेदरलँड्स आणि युगोस्लाव्हियातील केंद्रांनी १९८० च्या दशकात असे प्रोग्राम प्रक्षेपित केले आणि श्रोत्यांनी ते कॅसेटवर उतरवून घेतले.

भारतात घरगुती संगणक आला तेव्हा टेपरेकॉर्डर आधीच घरोघरी पोचू लागला होता. स्वस्त कॅसेटींमुळे भजने, भावगीते आणि सिनेमाची गाणी खेड्यापाड्यांत वाजू लागली होती. १९८२ च्या आशियाई खेळांपासून दूरदर्शन रंगीत झाले आणि टीव्ही संचांची विक्री वाढली. म्हणजे पडदा आणि साठवण हे संगणकाचे दोन खर्चिक जोडभाग काही ग्राहकांकडे तयारच होते. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची बंधने सैल केली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला आणि सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो आले. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने हेच यंत्र परवान्याने ‘युनिकॉर्न’ या नावाने काढले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रमची परवानाधारक आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणली. टेप, फ्लॉपी आणि आवाज या तिन्हींचे व्यवहार कसे चालत, हे पाहायला ही दोन यंत्रे पुरेशी आहेत, कारण त्यांची रचना अगदी विरुद्ध टोकांची होती.

स्पेक्ट्रम: एकच दार

१९८२ च्या स्पेक्ट्रममध्ये झेड-८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्‌झवर चाले. बाहेरच्या जगाशी त्याचा जवळजवळ सगळा व्यवहार २५४ क्रमांकाच्या एकाच पोर्टातून होई. त्यावर लिहिलेल्या बाइटचे पहिले तीन बिट पडद्याच्या कडेचा रंग ठरवत, चौथा टेपकडे जाणारी पातळी आणि पाचवा स्पीकरची पातळी ठरवे. वाचताना याच पोर्टातून कळफलक आणि टेपकडून येणारा आवाज आत येई.

टेपवरच्या प्रत्येक खंडाआधी सुमारे ८०७ हर्ट्‌झचा सलग सूर असे; नाव आणि लांबी सांगणाऱ्या शीर्षखंडाआधी तो पाच सेकंद चाले, माहितीच्या खंडाआधी दोन. तो ओळखून प्रोसेसर टेपशी ताल जुळवून घेई. त्यानंतर शून्य म्हणजे ८५५ घड्याळी ठोक्यांचे दोन स्पंद आणि एक म्हणजे १७१० ठोक्यांचे दोन. कोणतीही वेगळी चिप हे मोजत नसे. रॉममधला छोटा फेरा दर ५९ ठोक्यांनी, म्हणजे सुमारे १७ मायक्रोसेकंदांनी, पातळी बदलली का ते पाही आणि तोवर किती फेऱ्या झाल्या त्यावरून शून्य की एक हे ठरवी. याच फेऱ्यात स्पेसची कळ दाबली आहे का तेही तपासले जाई, म्हणून लोडिंग मध्येच थांबवता येई. बाकी सगळे बंद असे. इंटरप्टही, म्हणजे चालू काम थांबवायला लावणाऱ्या हाकाही, रोखलेले, कारण मोजणीत खंड पडला तर बिट चुकणार. पातळी बदलली की कडेचा रंगही पालटे. पडद्याभोवती धावणारे निळे-पिवळे पट्टे म्हणजे येणाऱ्या बिटांचे थेट चित्रच असे.

शून्य आणि एक सारख्या प्रमाणात असतील तर हा वेग सेकंदाला सुमारे १,३६५ बिट पडतो. ६,९१२ बाइटचे पडद्यावरचे एक चित्र यायला सुमारे ४० सेकंद लागत आणि ४० किलोबाइटच्या खेळाला जवळपास चार मिनिटे. स्पीकरचीही तीच गत. ‘बीप’ची आज्ञा चालू असेपर्यंत प्रोसेसर पाचवा बिट वर-खाली करण्यात गुंतलेला राही, त्यामुळे सूर संपल्याशिवाय प्रोग्रामची पुढची ओळ चालत नसे.

नकलेतली चूक

टेपवरून टेपवर नक्कल करताना दर खेपेला थोडा आवाज बिघडतो. खरखर वाढते, पट्टीचा वेग हलतो, हेड किंचित तिरके असेल तर वरचे सूर दबतात. म्हणून लोडिंग जमेना की पहिला उपाय हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसण्याचा, दुसरा आवाज कमी-जास्त करण्याचा आणि तिसरा हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवून सूर स्वच्छ करण्याचा. चूक सुधारण्याची सोय यंत्रात नव्हती, पण ती पकडण्याची होती. १७ बाइटच्या शीर्षखंडात प्रकार, दहा अक्षरांचे नाव आणि पुढच्या खंडाची लांबी असे. प्रत्येक खंडाच्या शेवटी एक पडताळणी-बाइट असे.

नकलेतली चूक पकडण्याची गरज संगणकाहून फार जुनी आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांची मंदिरे आणि हस्तलिखितांची भांडारे आहेत. अशा हस्तलिखितांच्या परंपरेत पोथीअखेर ‘ग्रंथाग्र’ नोंदवण्याची चाल होती: ३२ अक्षरांचे एक एकक धरून केलेली मजकुराची एकूण मोजणी. नकलनविसाची मजुरी तिच्यावरून ठरे आणि नकलेत काही गळले असेल तर तेही तिच्यावरून कळे. शीर्षखंडातली लांबी हेच काम करते. मात्र मोजणी जुळली तरी एखादे अक्षर चुकलेले असू शकते. स्पेक्ट्रमचा पडताळणी-बाइट तेही पकडे, कारण तो खंडातल्या सगळ्या बाइटांवर ‘एक्सऑर’ क्रिया करून काढलेला असे. त्याच्याही हातून दोन गोष्टी सुटत: दोन बाइटांची अदलाबदल आणि एकमेकींना खोडून काढणाऱ्या दोन चुका.

बीबीसी मायक्रो: मदतनीस चिपा

बीबीसी मायक्रोने इथे जास्त खर्च केला होता. टेपवरून येणारा सूर त्याची सीरियल चिप स्वतः ओळखे आणि दुसरी चिप त्या बिटांचा अखंड बाइट जुळवून प्रोसेसरला हाक देई. १२०० बिटांच्या वेगाने सेकंदाला फार तर १२० हाका येत, आणि मधल्या वेळात ६५०२ प्रोसेसर मोकळा असे. माहिती २५६ बाइटांच्या क्रमांकित खंडांत ठेवली जाई. प्रत्येकाला सीआरसी पद्धतीची १६ बिटी पडताळणी असे, तिला अदलाबदलही कळे. एखादा खंड बिघडला तर टेप थोडी मागे घेऊन तेवढाच पुन्हा वाचता येई. टेपरेकॉर्डरची मोटर चालू-बंद करणारा रिलेही यंत्रातच होता. त्याचा ‘टक’ असा आवाज वर्गात ऐकू येई.

फ्लॉपी लावली की हाकांची गर्दी वाढे. एकेरी घनतेच्या सव्वापाच इंची चकतीवर ४० वर्तुळमार्ग, प्रत्येकावर २५६ बाइटांचे दहा भाग. एका बाजूला १०० किलोबाइट. चकती मिनिटाला ३०० फेरे घेई, म्हणजे दर ६४ मायक्रोसेकंदांनी एक नवा बाइट हेडखाली येई आणि तो उचलायला उशीर झाला तर हातचा जाई. म्हणून इंटेल ८२७१ ही फ्लॉपीची चिप प्रत्येक बाइटला प्रोसेसरला टाळता न येणारा इंटरप्ट देई. दोन मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला त्या ६४ मायक्रोसेकंदांत १२८ ठोके मिळत. बाइट घेऊन मेमरीत ठेवण्यास ते पुरत, पण मूळ कामासाठी फारसे उरत नसत. आवाजाचे काम मात्र हलके होते. ध्वनिचिपेला एकदा स्वर आणि त्याची उंची सांगितली की ती तो आपणहून वाजवत राही. प्रोसेसरला सेकंदात १०० वेळा चढ-उतार बदलण्यापुरते लक्ष द्यावे लागे, त्यामुळे फ्लॉपी फिरत असतानाही सूर तुटत नसे.

इतरांच्या वाटा

अ‍ॅपल-२ च्या १९७८ मधील फ्लॉपीत स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक यांनी चिपांची संख्या कमीत कमी ठेवली. दर ३२ मायक्रोसेकंदांनी येणारा बाइट प्रोसेसर स्वतः ठोके मोजून उचले, आणि त्या काळात स्पीकर गप्प बसे. कमोडोर ६४ ने उलट वाट धरली: त्याच्या १५४१ ड्राइव्हमध्ये स्वतंत्र प्रोसेसर आणि दोन किलोबाइट मेमरी होती. पण संगणक आणि ड्राइव्ह यांना जोडणाऱ्या तारेवर एकेक बिट सॉफ्टवेअरने ढकलावा लागे, म्हणून सेकंदाला सुमारे ४०० बाइटच येत. त्या यंत्रावर टेपचे स्पंद टायमरच्या इंटरप्टने मोजता येत, म्हणून काही खेळ लोड होत असताना संगीतही वाजे.

खरा बदल १९८५ मध्ये झाला. अमिगा या संगणकात टीव्हीच्या प्रत्येक रेषेच्या वेळापत्रकात फ्लॉपीसाठी तीन आणि चार ध्वनिमार्गांसाठी प्रत्येकी एक अशा जागा राखून ठेवल्या होत्या. ‘पॉला’ चिपेसाठी त्या जागांत माहिती थेट मेमरीतून ये-जा करी. यालाच डीएमए म्हणतात. प्रोसेसरने पत्ता आणि लांबी सांगायची, पुढे काम संपल्याची हाक येईपर्यंत आपले काम करायचे. ८८० किलोबाइटची चकती आणि चार मार्गांचे संगीत एकाच वेळी चालणे त्यामुळे शक्य झाले. त्याच वर्षीच्या अटारी एसटीत फ्लॉपीला डीएमए होते, ध्वनीला नव्हते; गंमत म्हणजे कोणता ड्राइव्ह आणि कोणती बाजू निवडायची हे ध्वनिचिपेच्या रिकाम्या पोर्टातून ठरे, म्हणून संगीत आणि फ्लॉपीच्या प्रोग्रामांना एकमेकांच्या आड न येण्याची काळजी घ्यावी लागे.

भारतात पुढे मान्यता मिळाली ती आयबीएम पद्धतीच्या पीसीला. त्यात पहिल्यापासून डीएमए चिप होती. फ्लॉपीला तिचा २ क्रमांकाचा मार्ग दिलेला असे आणि १९८९ मधील साउंड ब्लास्टर या ध्वनिकार्डाने १ क्रमांकाचा घेतला. कॅसेटची गरज त्याबरोबर संपली.

आज जुन्या कॅसेटी जतन करणे फ्लॉपींच्या मानाने सोपे आहे. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी ध्वनिमुद्रण केले तर स्पेक्ट्रमचा शून्याचा एक स्पंद साधारण ११ नमुन्यांचा आणि एकाचा २१-२२ नमुन्यांचा भरतो, म्हणून साध्या प्रोग्रामनेही ते वेगळे ओळखता येतात. फ्लॉपीसाठी चुंबकीय बदलांमधले अंतर मोजणारे खास उपकरण लागते. दोन्हीकडे आधी स्पंदांची लांबी नोंदवली जाते, मग बाइट काढले जातात आणि शेवटी त्या काळच्याच पडताळणीने नक्कल तपासली जाते.