हाड, मीठ आणि जिलेटिन

वडोदऱ्यात औषधांचा धंदा जुना आहे. प्रा. त्रिभुवनदास गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिकची स्थापना केली, त्या परंपरेतून तो येथे रुजला. औषधाबरोबर कॅप्सूल आली आणि कॅप्सूलबरोबर जिलेटिन. पुढे जिल्ह्यातील पादरा तालुक्यात, करखडी येथे, जिलेटिनचा कारखानाच उभा राहिला. आज हा पदार्थ जेलीत, गोळ्यांत व मिठायांतही असतो, आणि मुसलमान शेजाऱ्यास तो चालतो काय, हा प्रश्न आपल्याही पंगतीत येऊन बसतो.

जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून होते. हाडांचा चुरा आम्लात ठेवून त्यातील खनिजे काढतात, उरलेला मऊ भाग कित्येक आठवडे चुन्याच्या निवळीत मुरवतात, आणि मग ऊन पाण्याने सत्त्व उतरवून घेतात. हाती येते ती रंगहीन, जवळजवळ गंधहीन भुकटी. जनावर कोणते होते, अल्लाचे नाव घेऊन जिबह केलेले होते की मुरदाड होते, हे त्या भुकटीकडे पाहून कळत नाही.

इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी येथे एक जुना विचार पुढे आणला. त्याचे नाव इस्तिहाला, म्हणजे वस्तूचे मूळ स्वरूपच पालटणे. दारूचा आपोआप सिरका झाला तर तो भक्ष्य, याविषयी सर्व पंथांचे एकमत आहे. हनफी ग्रंथांत मिठाच्या खाणीत पडलेल्या गाढवाचे उदाहरण येते: ते मीठच होऊन गेले, तर आता ते मीठ, गाढव नव्हे. शाफिई पंथ ही सवलत इतकी दूर नेत नाही. शिवाय हनफी मताने मेलेल्या जनावराचे कोरडे हाड शुद्ध असते, मात्र डुकराचे नाही. पण शुद्ध ते सर्व भक्ष्य असे नव्हे. मातीही शुद्धच आहे.

प्रश्न जागतिक परिषदांत गेला तेव्हाही निकाल एक लागला नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डुकरापासून केलेले जिलेटिन अन्नात निषिद्ध ठरविले. १९९५ मध्ये कुवेत येथे वैद्यक व धर्मशास्त्र यांच्या परिषदेने नेमके उलट सांगितले: अशुद्ध जनावराच्या हाडाकातड्याचे जिलेटिन झाले की ते पालटलेच, म्हणून शुद्ध व भक्ष्य. आम्हांस मिठाचा दाखला येथे लंगडा वाटतो. गाढवाचे मीठ झाल्यावर गाढव ओळखता येत नाही. जिलेटिनमधील प्रथिनांचे तुकडे तपासून मात्र आजची प्रयोगशाळा गाय की डुक्कर हे सांगू शकते. अर्थात परधर्माच्या न्यायासनावर बसण्याचा आम्हांस अधिकार नाही. वडोदऱ्यात तर न्यायासनेही अनेक आहेत: बहुसंख्य सुन्नी हनफी मार्गाचे, तर अलवी बोहरांचे धर्मपीठच या शहरात असून त्यांचा निवाडा त्यांच्या दाईंकडे व काझी नुअमान यांच्या दहाव्या शतकातील ग्रंथाकडे पाहतो.

वेष्टनावरील खुणेने हा प्रश्न सुटत नाही. २००१ पासून आलेल्या हिरव्या व तपकिरी खुणा शाकाहाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देतात. तपकिरी खूण जनावर कोणते हे सांगत नाही. करिंथच्या बाजारातील मांसाविषयी पौलाने दिलेला सल्ला आपल्या वाचकांस परिचित आहे: स्वतःपुरते चौकशी करू नये, परंतु दुसऱ्याच्या विवेकभावासाठी हात आखडावा. यजमानास यातील दुसरा अर्धा लागू पडतो, असे आम्हांस वाटते.

अम्मानच्या ठरावातील एक वाक्य मात्र सहसा कोणी वाचत नाही. वनस्पतींपासून आणि विधिपूर्वक कापलेल्या जनावरांपासून मिळणारे जिलेटिन पुरेसे आहे, असे तेथे म्हटले आहे. वनस्पतीपासून खरे जिलेटिन होत नाही. पण समुद्रशेवाळापासून अगर-अगर होते, आणि ते किराणा दुकानात चायना ग्रास या नावाने मिळते.