वाहन-सारथी माहितीविक्री

वाहननोंदणी व चालक परवाने यांच्या राष्ट्रीय संग्रहांतील माहिती ठोक दराने देण्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाचे धोरण. मार्च 2019 मध्ये ते जाहीर झाले आणि जून 2020 मध्ये रद्द करण्यात आले. कायद्याच्या सक्तीने दिलेल्या माहितीचे पैसे कोणी घ्यायचे, हा प्रश्न भारतात इतक्या उघडपणे क्वचितच समोर आला आहे.

‘वाहन’ हा गाड्यांचा आणि ‘सारथी’ हा परवान्यांचा संग्रह. नोंदी राज्यांच्या आरटीओ कार्यालयांत होतात, पण दोन्ही प्रणाली राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या (एनआयसी) असल्याने त्या नोंदी केंद्र सरकारकडे एकत्र येतात. 2019 मध्ये वाहनांच्या 25 कोटींहून अधिक व परवान्यांच्या सुमारे 15 कोटी नोंदी जमल्या होत्या. ‘वाहन’मध्ये चासी व इंजिन क्रमांक, गाडीचे मॉडेल, इंधन यांच्या जोडीला गाडीवर कर्ज कोणाचे आहे आणि विम्याची मुदत कधी संपते, हेही असते. विमा व वित्त व्यवसायाला खरा रस या शेवटच्या रकान्यांत. फोन कोणत्या आठवड्यात करायचा, हे त्यांवरून ठरवता येते.

व्यापारी संस्थांसाठी 2019-20 या आर्थिक वर्षाचा दर 3 कोटी रुपये होता. शैक्षणिक संस्थांना संशोधनासाठी तीच माहिती 5 लाखांत मिळणार होती. पुढील वर्षापासून दरवर्षी 5 टक्के वाढ ठरलेली होती. व्यापारी दराला एकूण नोंदींनी भागले तर एका नोंदीला साडेसात पैसे पडतात. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणजे माहिती न देण्याचा पर्याय मालकाला नाही. आणि विक्रीपूर्वी त्याला विचारण्याची सोय धोरणात नव्हती.

नियंत्रित स्वरूपात माहिती दिल्याने वाहतूक व वाहन उद्योगाला मदत होईल, असे समर्थन मंत्रालयाने दिले. इतर ठिकाणी उपलब्ध असलेली माहिती या नोंदींशी जुळवली, तर व्यक्तीची ओळख पटू शकते, ही कबुलीही त्याच धोरणात होती. धोका माहीत असूनही दरपत्रक निघाले. जुलै 2019 मध्ये मंत्री नितीन गडकरी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोवर 87 खाजगी कंपन्या व 32 शासकीय संस्थांना हे संग्रह खुले झाले होते आणि त्यातून सुमारे 65 कोटी रुपये मिळाले होते. फेब्रुवारी 2021 मध्ये, धोरण रद्द झाल्यानंतर, सांगितलेला एकूण आकडा 111 कोटींवर गेला होता. जुलै 2019 मध्येच आलेल्या आर्थिक पाहणी अहवालाने तर शासकीय माहितीसाठ्यांपैकी काही खाजगी क्षेत्राला विकण्याची कल्पना मांडली. जनतेच्या माहितीला सार्वजनिक हिताची वस्तू मानणारे प्रकरणही त्याच अहवालातले.

धोरण जाहीर झाले तेव्हा खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल (24 ऑगस्ट 2017) येऊन दोन वर्षेही झाली नव्हती. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै 2018 च्या अहवालात मालकीची भाषा टाळून माहिती घेणाऱ्याला विश्वस्ताची जबाबदारी दिली होती. कायदा मात्र अजून व्हायचा होता. गैरवापराची शक्यता व खाजगीपणा ही कारणे देऊन धोरण मागे घेतले गेले. पण खरेदीदाराच्या संगणकावर उतरलेली प्रत धोरण रद्द झाल्याने पुसली जात नाही.

अमेरिकेत हाच वाद आधी झाला. तेथे राज्यांची मोटारवाहन खाती चालकांची माहिती विकत असत. 1989 मध्ये अभिनेत्री रिबेका शेफर हिच्या खुन्याने तिचा पत्ता कॅलिफोर्नियाच्या अशाच नोंदींतून एका गुप्तहेरामार्फत मिळवला होता. 1994 मध्ये तेथील काँग्रेसने चालकांच्या खाजगीपणाच्या रक्षणाचा कायदा केला. साउथ कॅरोलायनाने त्याला आव्हान दिले, तेव्हा 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने चालकांची माहिती ही आंतरराज्य व्यापारातील वस्तूच आहे, असे म्हणत तो एकमताने उचलून धरला. विमा कंपन्यांना त्यात सवलत आहेच. तरी जाणूनबुजून गैरवापर झाल्यास ज्याची माहिती वापरली गेली त्या व्यक्तीला किमान 2,500 डॉलर भरपाई देववण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये संमतीची अट आहे, तशीच केंद्राने अधिसूचित केलेल्या शासकीय यंत्रणांना विशिष्ट कारणांसाठी सूटही आहे. सुरक्षेत हयगय झाल्यास 250 कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागता यावी म्हणून माहिती तंत्रज्ञान अधिनियमात असलेले कलम 43-क वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे.