लटका वाद : दारासिंगपासून रजनीकांतपर्यंत

मित्रहो, ज्याचे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले त्याने दारासिंग आणि रजनीकांत यांच्यावर बोलावे, हे तुमच्यापैकी काहींना खटकले असेल. आमच्या घरीही खटकले. (हशा) पण आयुष्यातला सगळ्यांत निर्मळ वाद तुम्ही कुठे ऐकलात असे कुणी विचारले, तर आमच्या तोंडी कुठल्या चर्चासत्राचे नाव येणार नाही. आम्ही वसतिगृहाच्या मेसचे नाव घेऊ.

साल १९६८. आम्ही कोल्हापुरात शिकत होतो. त्या वर्षी मे महिन्यात मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवले होते. 'किंग काँग', 'फौलाद' हे त्याचे चित्रपट येऊन पाच-सहा वर्षे झाली होती, पण आमच्या मेसमध्ये ते रोज नव्याने लागत. आता कोल्हापूर म्हणजे लाल मातीचे गाव. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान हाकेच्या अंतरावर. तिथल्या पोरांच्या मते फ्रीस्टाइल म्हणजे नुरा कुस्ती, आधी ठरवून लढलेली. त्यामुळे दोन पक्ष पडले. एक म्हणे, १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणारे आमचे हिंदकेसरी मारुती माने आणि दारासिंग मातीत उतरले, तर दारासिंग दोन मिनिटे टिकणार नाही. दुसरा पक्ष दारासिंगचा. त्यांनी कुस्तीचा मुद्दा कधी काढलाच नाही. ते म्हणत, दारासिंगने धावत्या गाडीची साखळी ओढली तर गाडी थांबत नाही, स्टेशन पुढे येते.

यावर विरोधी पक्ष काय म्हणायचा? 'शक्य नाही' असे कुणी म्हणत नसे. तो विचारायचा, "कुठलं स्टेशन? मिरज की कोल्हापूर?" उत्तर यायचे, "मिरज. कोल्हापूरला गाडी संपते, तिथं साखळी कोण ओढतंय?" मग मिरज जंक्शन असल्यामुळे किती फलाट पुढे येतील, यावर अर्धा तास. हरलेल्याने चहा पाजायचा. कोण हरले हे कधीच ठरले नाही, त्यामुळे चहा सगळ्यांनी आपापला प्याला.

पुढे आम्ही न्यायसूत्रे शिकवू लागलो. गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून केलेला तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी छलाचा आधार घेऊन केलेला तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडून काढायची, ती वितंडा. वर्गात हे सांगताना आम्हाला दर वर्षी मेस आठवायची. तिथली चर्चा यांतल्या कुठल्या खणात बसवायची? तत्त्वाचा शोध नाही, जिंकणे नाही, आणि मोडून काढणे तर मुळीच नाही. आक्षेप घेणारा मुख्य विधान मान्यच करतो, शंका फक्त तपशिलाची. म्हणजे आक्षेपाने विधान पडत नाही, उलट एक मजला वर चढते. आपल्याकडे नवरा-बायकोच्या भांडणाला 'लटके भांडण' म्हणतात ना, तसा हा लटका वाद. त्याची अट एकच. हे खरे नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत असले पाहिजे.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. चक नॉरिस हा अमेरिकेतला कराटेपटू. १९७२ च्या 'वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये ब्रूस लीने त्याला रोमच्या कलोसियममध्ये मारले, पडद्यावर बरं का. नंतर १९९३ ते २००१ पर्यंत तो दूरचित्रवाणीवर टेक्सासचा पोलीस होता. ती मालिका संपल्यावर, २००५ च्या सुमारास, त्याच्या अफाट सामर्थ्याचे विनोद इंटरनेटवर पसरले. आमच्या मेससारखेच, फक्त स्टेशन वेगळे. पुढे २०१२ च्या 'एक्सपेंडेबल्स २'मध्ये त्याने स्वतःच यांतला एक विनोद सांगितला. नाग चावला, पाच दिवस वेदना झाल्या, आणि मग नाग मेला. स्वतःवरचा विनोद स्वतः सांगता येणे ही आमच्या मते नटाची मोठी परीक्षा आहे.

पण याच गोष्टीला एक पोटकथा आहे. २००७ मध्ये माइक हकबी हे रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते. त्यांनी जाहिरात केली, की देशाची सीमा सुरक्षित करण्याची माझी योजना दोन शब्दांची आहे, चक नॉरिस. शेजारी नॉरिस बसलेला. लोक हसले. आम्हीही हसलो. पण सीमेचा प्रश्न खरा होता आणि उत्तर लटके. मेसमधले विधान मतपेटीकडे निघाले, की चहाची पैज उरत नाही.

आता रजनीकांत. आणि इथे आम्हाला आमचीच एक चूक सांगायची आहे.

२०१० साली 'एन्दिरन' आला, हिंदीत 'रोबोट', आणि रजनीकांतचे विनोद मोबाइलवरून धो धो वाहू लागले. त्यांतले बरेचसे चक नॉरिसचेच, नाव बदललेले. आम्ही निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो, नवा मोबाइल होता, जो विनोद येई तो पुढे ढकलत होतो. आमच्या कॉलेजात गणिताचे एक तमिळ सहकारी होते. त्यांना तर आम्ही रोज सकाळी एक पाठवायचो. महिनाभर त्यांनी सोसले. मग एकदा स्टाफरूममध्ये शांतपणे म्हणाले, "सर, रागावू नका. हे तुम्ही रजनीला हसताय की आम्हाला?"

आम्हाला उत्तर सुचेना. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "त्यांचे किती पिक्चर पाहिलेत?" आम्ही एकही पुरता पाहिला नव्हता. ते म्हणाले, "आम्हीपण थिएटरात हसतो, सर. पण शिट्टी वाजवत हसतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन सीडी आणून दिल्या.

पहिली १९९५ ची 'बाशा'. त्यात रजनीकांत माणिकम नावाचा साधा रिक्षावाला असतो. भावावरचे संकट टळावे म्हणून तो खांबाला बांधून घेऊन मार खातो, हात उचलत नाही. हा एकेकाळी मुंबईचा डॉन होता, हे नंतर उलगडते. म्हणजे ज्याच्याविषयी 'हा कधी हरत नाही' असे विनोद आम्ही पाठवत होतो, त्याचा सर्वांत गाजलेला मारधाडपट तो निमूट मार खातो या गोष्टीवर उभा आहे. दुसरी सीडी १९७८ च्या महेंद्रन दिग्दर्शित 'मुळ्ळुम मलरुम'ची. त्यात तो काळी नावाचा तापट भाऊ आहे आणि अपघातात त्याचा एक हात जातो. एका हाताचा रजनीकांत! आमच्या कुठल्याच विनोदात तो नव्हता.

सहकाऱ्यांनी सांगितले, की खरा वाद याच दोघांत आहे. 'बाशा' मोठा की 'मुळ्ळुम मलरुम'? त्यांच्या घरी बाप-लेकांत यावरून जेवताना जुंपायची, आणि त्यातही फेकाफेक भरपूर असायची. हा झाला लटका वाद. आम्ही करत होतो ती वितंडा. स्वतःची बाजू नाही, माहिती नाही, फक्त दुसऱ्याच्या दैवताची टिंगल, आणि तिच्याआड 'मद्रासी' म्हणून सगळ्या दक्षिणेला एका पोत्यात घालण्याची आपली जुनी खोड. गंमत बघा, ज्याला आम्ही परका म्हणून हसत होतो तो जन्माने शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूच्या मराठी घरातला, तिथलाच बस कंडक्टर. हे कळल्यावर आपल्यातले काही लोक लगेच 'आमचा शिवाजीराव' म्हणू लागतात. तेही तितकेच उथळ. त्याला मोठे केले ते तमिळ प्रेक्षकाने.

आणि या तमिळ प्रेक्षकाने लटके आणि खरे यांतली रेघ पुसली गेलेलीही पाहिली आहे. एम. जी. रामचंद्रन, म्हणजे एमजीआर. १२ जानेवारी १९६७ रोजी त्यांच्यावर सहकलाकार एम. आर. राधा यांनी गोळी झाडली. गळ्याला पट्टी बांधलेले त्यांचे छायाचित्र निवडणुकीत भिंतीभिंतीवर लागले आणि ते रुग्णालयातून निवडून आले. पडद्यावरचा अजिंक्य नायक आणि मतपत्रिकेवरचा उमेदवार एकच झाले. १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, आणि गेले तेही मुख्यमंत्री असतानाच. चारचौघांत ते फरची टोपी आणि काळा चष्मा यांशिवाय दिसत नसत. २४ डिसेंबर १९८७ रोजी ते गेले, तेव्हा काही चाहत्यांनी स्वतःचा जीव दिला. मित्रहो, नायकाला मरण नाही हे लटके विधान ज्याला खरे वाटते, त्याला ते मरण सोसत नाही.

उलट रजनीकांत पाहा. पडद्यावर काळेभोर केस, आणि सभेला येतो तो टक्कल आणि पांढरी दाढी घेऊन. मेकअप नाही, विग नाही. एका परीने तो चाहत्याला रोज सांगत असतो, की तो वेगळा आणि मी वेगळा. रेघ तो स्वतः आखून देतो. तरी त्याचीही परीक्षा झालीच. ३१ डिसेंबर २०१७ रोजी रजनीकांत यांनी राजकारणात येण्याची घोषणा केली. तीन वर्षांनी, २९ डिसेंबर २०२० रोजी, प्रकृतीचे कारण देऊन त्यांनी ती मागे घेतली. विनोदातला रजनीकांत आजारी पडत नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला मात्र डॉक्टरांचे ऐकावे लागते. पुढच्या जानेवारीत काही चाहत्यांनी चेन्नईत निदर्शने केली, निर्णय बदला म्हणून. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. पण आपण कुणाकडे मागतो आहोत, पडद्यावरच्याकडे की दवाखान्यातल्याकडे, हे त्या घटकेला ते विसरले असावेत.

म्हणून चाहत्यांच्या या फेकाफेकीला वेळेचा अपव्यय म्हणू नका. तरुण प्राध्यापक असताना आम्ही तसे म्हणत असू, विद्यार्थ्यांना त्यावरून झापतही असू. आज वाटते, की आपल्या नायकाविषयी वाट्टेल ते बोलून स्वतःच त्यावर हसणे हा रेघ शाबूत ठेवण्याचा एक सराव आहे. कुणी कट्टर चाहता भेटला, नटाचा असो, खेळाडूचा असो, नेत्याचा असो, तर त्याच्यासमोर त्याच्या नायकावर एक विनोद करून बघा. मात्र आधी त्या नायकाचे काम नीट पाहून घ्या, आमच्यासारखे करू नका. तो म्हणाला, "हा तर काहीच नाही, माझा ऐका," तर त्याच्याजवळ निवांत बसा, चहा मागवा. त्याच्या हाताच्या मुठी वळल्या, तर मात्र विषय बदला, आणि घरी गेल्यावर त्याच्याविषयी आणि आपल्या गावाविषयी थोडी काळजी करा.

आमच्या मेसमधला प्रश्न अजून सुटलेला नाही. मिरजेचे किती फलाट पुढे येतील, यावर कुणाला काही सांगायचे असेल, तर आता प्रश्नोत्तरांची वेळ आहे.