पंप, मीठ आणि तपकिरी कागद

टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत जातं कसं, हा प्रश्न गाडी चालू असताना कुणालाच पडत नाही. गाडी बंद पडली की पडतो. आमच्या घरात तो गेल्या हिवाळ्यात पडला आणि मग मी त्याच्या मागेच लागलो. मागे मागे जात थेट अठराव्या शतकात पोचलो. तीच ही हकीकत.

सुरुवातीला पंप हा प्रकारच नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने मॉडेल टी नावाच्या दीड कोटी गाड्या विकल्या. त्यातल्या बहुतेकांची टाकी पुढच्या सीटखाली असायची आणि पेट्रोल नुसतं उतारावरून पाणी यावं तसं कार्ब्युरेटरमध्ये यायचं. खर्च शून्य, बिघाड शून्य! अडचण एवढीच, की टाकीत पेट्रोल कमी असताना चढ लागला की इंजिन टाकीपेक्षा वर जायचं आणि गाडी थांबायची. लोक मग गाडी वळवून उलटी, रिव्हर्समध्ये टेकडी चढवायचे. शिवाय पेट्रोल किती उरलंय ते बघायला सगळ्यांना सीटवरून उठवून टाकीत पट्टी बुडवावी लागे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक पंप आला. इंजिनच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक दांडी ढकलतो, दांडी रबरी पडदा ओढते, पडदा पेट्रोल ओढतो. दाब दर चौरस इंचाला जेमतेम चार-सहा पाउंड, पण कार्ब्युरेटरला तेवढा पुरे. टाकी आता गाडीच्या मागच्या बाजूला, माणसांपासून लांब नेता आली. आपल्याकडच्या फियाटमध्ये, म्हणजे पुढे जिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं तिच्यात, हाच पंप होता.

आणि हाच पंप कसारा घाटात दगा द्यायचा. पंप तापलेल्या इंजिनला चिकटलेला, आणि तो पेट्रोल ढकलत नाही, ओढतो. ओढलं की दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. मग नळीत वाफ होते आणि पंप बिचारा वाफेचेच घोट घेत बसतो. उपाय सगळ्या महाराष्ट्राला पाठ होता : बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, तोवर कुणीतरी थर्मासमधला चहा काढा.

गेल्या फेब्रुवारीत आमची चौदा वर्षांची एसयूव्ही बंद पडली, तेव्हा नाशिकच्या मामाने फोनवर पहिलं वाक्य हेच म्हटलं, "अरे, पंपावर ओलं फडकं टाकून बघितलंस का?" बाहेर उणे बारा तापमान होतं. :-)

हसण्यावारी न्यायची गोष्ट मात्र नव्हती. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. बायको हॉस्पिटलात रात्रपाळी करते आणि पहाटे हायवेवरून ट्रकच्या रांगांमधून घरी येते. गाडी वीस-पंचवीस मिनिटं छान चालायची आणि मग सत्तर मैलांच्या वेगात अचानक दम सोडायची. पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू! तिसऱ्यांदा असं झालं, तेव्हा तिच्याबरोबर गाडीत माझी आईही होती. जवळच्या एका गॅरेजने गाडी न तपासताच सांगितलं, पंप गेला, टाकी खाली उतरवावी लागेल, नऊशे डॉलर. पैशांपेक्षा मला भीती वेगळीच होती. एवढं करून रोग दुसराच निघाला तर ती पुन्हा त्याच हायवेवर जाणार होती.

इथे इतिहासाचा पुढचा तुकडा सांगायला हवा, त्याशिवाय निदान कळणार नाही.

अमेरिकेत १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कडक कायदा आला आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरत आले. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पहिली धडपड बेंडिक्स कंपनीने १९५० च्या दशकातच करून पाहिली होती. ती फसली, पण तिची पेटंटं बॉशकडे गेली आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर ते तंत्र बाजारात आलं. इंजेक्शनला दाब लागतो कितीतरी जास्त, पुढच्या गाड्यांत दर चौरस इंचाला चाळीस पाउंडांच्या आसपास. म्हणून विजेचा पंप आला आणि कालांतराने तो टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडवून बसवला गेला. पेट्रोलनेच तो थंड राहतो, आणि ओढण्याऐवजी ढकलत असल्यामुळे वाफेची भानगडही संपली. मामाचं फडकं रिटायर झालं ते इथे.

पण पंप सतत पूर्ण जोराने चालायचा आणि जास्तीचं पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत यायचं. इंजिनपाशी जाऊन आल्यामुळे ते गरम असायचं, टाकी तापायची, वाफा हवेत जायच्या. १९९० च्या दशकात या वाफांवरही नियम कडक झाले. मग अनेक गाड्यांत परतीची नळीच काढून टाकली. त्यांतल्या काही कंपन्यांनी ठरवलं, की लागेल तेवढंच पेट्रोल पाठवायचं आणि त्यासाठी पंपाचा वेग बदलत ठेवायचा. हे काम करणारी डबी म्हणजे फ्युएल पंप कंट्रोल मॉड्यूल. इंजिनचा कॉम्प्युटर तिला सांगतो, आणि ती पंपाची वीज डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद करून त्याला हळू किंवा जोरात फिरवते. यात ती तापते, म्हणून तिचं कवच ॲल्युमिनियमचं.

म्हणजे पेट्रोल न मिळण्याची कारणं आता दोन होती : पंप मेला, किंवा त्याला कुणी वीजच देत नाही.

एका शनिवारी गाडी रुसेपर्यंत अंगणातच चालू ठेवली. बंद पडल्याबरोबर किल्ली फिरवली तर मागून पंपाची ती दोन सेकंदांची गुणगुण नाही. दाबाचं गेज लावलं, काटा खाली. पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावलं, वीज नाही. मग मॉड्यूलकडे गेलो. तिथे बॅटरीचे बारा व्होल्ट येत होते, अर्थिंग ठीक होतं, कॉम्प्युटरचा आदेशही येत होता. येणारं सगळं येत होतं, जाणारं काहीच जात नव्हतं. खात्रीसाठी पंपाला फ्यूजमधून क्षणभर थेट वीज दिली, तो लगेच गुणगुणला. पंप निर्दोष!

स्टेपनी उतरवली. तिच्या वर, चासीच्या पोलादी पट्टीला मॉड्यूल दोन बोल्टने घट्ट चिकटवलेलं होतं. काढून उलटं केलं तर ॲल्युमिनियमच्या पाठीला पांढरी भुकटी आणि मधोमध करंगळी जाईल एवढं भोक. आत पाणी.

इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. न्यू हॅम्पशायरने १९३८ मध्ये त्याचा प्रयोग सुरू केला आणि महायुद्धानंतर ती सगळीकडची रीत झाली. गंमत म्हणजे मोटारींची राजधानी डेट्रॉइट, तिच्याच पोटात अकराशे फूट खोल मिठाची खाण आहे. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे व्होल्टाने १८०० मध्ये बनवली तशी बॅटरीच. तीत एक धातू झिजतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांत मरण ॲल्युमिनियमचं.

हे आधी कुणाला माहीत नव्हतं का? होतं की! १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे किडे आणि शिंपले दूर ठेवायला. जहाज वेस्ट इंडिजला जाऊन आलं. १७६३ मध्ये तपासलं तर तांबं शाबूत, पण लोखंडी खिळे सडलेले आणि पत्रे सुटलेले. काही खिळे मात्र धडधाकट होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचा तुकडा त्या खिळ्यांच्या डोक्याखाली राहून गेला होता. कागदाने दोन धातूंना एकमेकांना शिवू दिलं नव्हतं!

पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने उलटा उपाय काढला. तांब्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडले, तांबं झिजायचं थांबलं. पण तांबं विरघळत होतं म्हणूनच शिंपले दूर राहत होते. आता ते तळाला दाटीवाटीने चिकटले.

मला हा किस्सा फार आवडतो, कारण पंपाची गोष्टही तीच आहे. प्रत्येक उपायाने पुढची तक्रार जन्माला घातली, आणि प्रत्येक उपाय आपापल्या जागी शहाणपणाचाच होता. मॉड्यूल मागे बसवणाऱ्याचंही बरोबर होतं : वायर आखूड, इंजिनची धग लांब, खालून गार वारा. त्या कागदाची आठवण तेवढी राहिली.

नवीन मॉड्यूल साठ डॉलरला मिळालं. त्याच्यासोबत दोन छोट्या नळकांड्या होत्या, ते पट्टीपासून बोटभर लांब राहावं म्हणून. म्हणजे कंपनीला कागद आठवला तर! बसवायला चाळीस मिनिटं लागली, त्यातली तीस गंजलेल्या बोल्टची. त्यानंतर सलग दोन आठवडे बायकोच्या पाळीच्या वेळा सोडून मीच गाडी हायवेवर फिरवली, आणि मगच किल्ली तिच्या हातात दिली. त्याला आता वर्ष होत आलं, गाडी एकदाही थांबलेली नाही.

असो. बर्फाच्या प्रदेशात राहत असाल आणि गाडी तापल्यावर बंद, थांबल्यावर चालू असा खेळ करत असेल, तर नऊशे डॉलर देण्याआधी स्टेपनीच्या वर एकदा टॉर्च मारून बघा. आणि रत्नागिरीच्या मावशीसाठी खास : समुद्राच्या वाऱ्यात ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना लोखंडी स्क्रू मारू देऊ नकोस. सुताराने मारलेच, तर खाली प्लॅस्टिकचा वॉशर टाकायला सांग. तो ऐकणार नाही, पण तू सांगच.