टेबलावरील रणांगण : युद्धकालीन लघुप्रतिकृतींचा छंद

इतिहासातील लढाया टेबलावर खेळण्यासाठी सैनिक, तोफा व रणगाडे यांच्या लघुप्रतिकृती जमवणे आणि रंगवणे, हा मुख्यतः युरोप-अमेरिकेत रुजलेला छंद आहे. त्याचे मूळ प्रशियाच्या लष्करी शिक्षणात आढळते. १८२४ मध्ये तेथील अधिकारी फॉन राइसविट्झ याने नकाशा, फासे व ठोकळे यांवर आधारित ‘क्रीग्सश्पील’ हा युद्धखेळ सादर केला. इंग्लंडमध्ये १८९३ पासून शिशाचे पोकळ, स्वस्त सैनिक मिळू लागले. १९१३ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात घरगुती खेळाचे नियम मांडले.

दुसऱ्या महायुद्धावरील खेळांत सुमारे १५ मिलिमीटर उंचीचे सैनिक व १:१०० प्रमाणातील वाहने प्रचलित आहेत. पुढे आलेली तोफेची नळी वगळता सुमारे ७ मीटर लांबीचा जर्मन ‘पँथर’ रणगाडा या प्रमाणात ७ सेंटिमीटरचा होतो.

प्रतिकृतीवर प्रथम अस्तर, मग मूळ रंग, खाचांत पातळ गडद रंग आणि उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्याने फिका रंग दिला जातो. मात्र खरी कसोटी इतिहासाच्या अचूकतेची असते. जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद राखाडीऐवजी गडद पिवळा करण्यात आला. पँथर जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत प्रथम उतरला. त्यामुळे तेथील राखाडी पँथर कितीही सफाईने रंगवला, तरी तो चुकीचाच ठरतो.

जुन्या प्रतिकृतींतील शिसे विषारी असल्याने त्या मुलांपासून दूर ठेवाव्यात व हाताळल्यानंतर हात धुवावेत.